गाईचा मुलगा एपाफस
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्याला हेरोडोटस इजिप्तमध्ये हिंडत होता. दिसेल ते पाहायचं, भेटेल त्याला विचारायचं आणि लिहून ठेवायचं, हा त्याचा छंद. मेंफिस या जुन्या राजधानीत प्ताह देवाचं प्रचंड देऊळ होतं. देवळाच्या दक्षिण दरवाजासमोर एक अंगण होतं, आणि अंगणाभोवतीच्या ओवऱ्यांना खांबांऐवजी बारा-बारा हात उंचीचे पुतळे होते. हे बांधकाम राजा सामेटिकसचं. त्या अंगणात एक जिवंत वळू राहत असे. त्याचं नाव आपिस. हेरोडोटसनं हे सारं नोंदवलं आणि जाता जाता एक वाक्य टाकून दिलं, की हा आपिस म्हणजे ग्रीक भाषेतला एपाफस.

(आपल्याकडे खेड्यापाड्यांत कचेरीला आपीस म्हणतात, ते क्षणभर बाजूला ठेवू या.)

वाक्य लहान आहे, पण ते वाचून मी थबकलो. आपिस हा वळू. तोही एकच नव्हे, एकामागून एक जन्मलेल्या वळूंची परंपरा. एपाफस हा ग्रीक पुराणातला माणूस, एका मुलीचा मुलगा, एका राजवंशाचा मूळपुरुष. मग हे दोघे एक कसे झाले? कुणी केले? आणि ज्यांचा तो देव होता त्या इजिप्शियन लोकांना याबद्दल काय वाटलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सुदैवानं सापडतं. पण आधी एपाफसच्या आईची ओळख करून घ्यायला हवी, कारण तिच्याशिवाय एपाफसला गोष्टच नाही.

तिचं नाव आयो. ग्रीसमधल्या अर्गोस इथल्या इनाखस नदीची, म्हणजे नदीच्या देवाची, ही मुलगी. हेरा देवीच्या देवळात ती पुजारीण होती. हेराचा नवरा, देवांचा राजा झ्यूस, तिच्यावर लुब्ध झाला. पुढचं कोण सांगतं त्यावर अवलंबून आहे. कुणी म्हणतं, बायकोपासून लपवण्यासाठी झ्यूसनंच आयोची गाय केली. कुणी म्हणतं, हेरानं सूड म्हणून केली. दोन्ही प्रकारांत अपराध करणारा सुटतो आणि शिंगं फुटतात ती आयोला. हेरानं गाईवर पहारेकरी बसवला तो आर्गस, अंगभर डोळे असलेला. त्यातले काही डोळे नेहमी उघडे असत. झ्यूसच्या सांगण्यावरून हर्मीसनं त्याला मारलं. तेव्हा हेरानं एक गोमाशी आयोच्या मागे सोडली. माशी चावते आहे, गाय उधळते आहे, आणि देशामागून देश मागे पडताहेत, अशी ती भटकंती सुरू झाली.

गोठ्यात जनावर माशीनं हैराण झालेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. शेपूट पुरत नाही, कातडी थरथरते, डोळे पांढरे होतात. ग्रीक भाषेत या माशीचा शब्द पुढे वेडाच्या झटक्यालाही वापरला जाऊ लागला.

ज्या समुद्राकाठून ती धावली त्याला लोकांनी तिच्यावरून आयोनियन समुद्र म्हटलं. युरोप आणि आशिया यांच्यामधली जी सामुद्रधुनी तिनं ओलांडली ती बॉस्पोरस, म्हणजे शब्दशः गाईचा उतार. आजही इस्तंबूलमध्ये रोज लाखो माणसं ती ओलांडतात. नावामागे कुठली गाय आहे याचा विचार कोण करतो?

'बंदिवान प्रोमिथियस' हे नाटक परंपरेनं ईस्किलसचं मानलं जातं. ते खरोखर त्याचंच का, यावर विद्वानांत वाद आहे. त्यात आयो रंगमंचावर येते ती शिंगं असलेल्या मुलीच्या रूपात. समोर प्रोमिथियस खडकाला जखडलेला. एकाला हलता येत नाही, दुसरीला थांबता येत नाही, आणि दोघांचाही छळ करणारा झ्यूसच. तिथं आयो आपली हकिगत सांगते. रात्री पडणारी स्वप्नं, घाबरून देवाचा कौल मागायला माणसं पाठवणारा बाप, आणि शेवटी तिला घराबाहेर काढ असा आलेला कौल. बापानं नाइलाजानं, मनाविरुद्ध दार लावून घेतलं. हे वर्णन मला सगळ्या चमत्कारांपेक्षा अधिक लागलं.

प्रोमिथियस तिला भविष्य सांगतो, की नाईलच्या मुखापाशी कॅनोबस नावाचं गाव आहे, तिथं झ्यूस तुला केवळ हातानं स्पर्श करील. तुझी शुद्ध परत येईल, त्या स्पर्शातून तुला मुलगा होईल, वर्णानं सावळा, आणि नाईल जेवढी जमीन भिजवते तेवढीचं पीक तो घेईल. त्याचं नाव एपाफस. ग्रीकमध्ये स्पर्शाला, हात ठेवण्याला जो शब्द आहे त्यातूनच हे नाव आलं, असं ग्रीक लोक सांगत. म्हणजे नावातच सारी कथा. आपण शब्दाशी खेळणारी माणसं याला कोटी म्हणू. ग्रीकांच्या दृष्टीनं तो पुरावा होता.

एपाफसचं पुढचं चरित्र मात्र त्रोटक आहे. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणसंग्रहात येतं, की हेराच्या सांगण्यावरून तान्ह्या एपाफसला पळवून नेलं. आयो पुन्हा वणवण करत निघाली आणि सीरियात, बिब्लोसच्या राजाच्या घरी तिला मूल सापडलं. तिथली राणी त्याला पाजत होती. मुलाला घेऊन ती इजिप्तला परतली, तिथल्या राजाशी तिनं लग्न केलं, आणि पुढे एपाफस राजा झाला. नाईल नदीची मुलगी मेंफिस ही त्याची बायको. तिच्या नावानं त्यानं शहर वसवलं. त्यांची मुलगी लिबिया. रोमन कवी ओव्हिडनं त्याला आणखी एक लहानसं काम दिलं आहे. सूर्याचा मुलगा फेथॉन बापाच्या बढाया मारतो तेव्हा बरोबरीचा एपाफस त्याला डिवचतो, तुझी आई सांगते त्यावर तू विश्वास ठेवतोस? त्या एका टोमण्यानं पेटून फेथॉन सूर्याकडे जातो, रथ हाकायला मागतो आणि पृथ्वी होरपळते. पोरांच्या भांडणातून केवढा अनर्थ!

पण एपाफसचं खरं महत्त्व त्याच्या वंशावळीत आहे. त्याच्या मुलीचे मुलगे बेलस आणि आगेनोर. बेलसचे मुलगे इजिप्टस आणि डेनॉस. आगेनोरच्या घरात कॅडमस आणि युरोपा. डेनॉसच्या वंशात पुढे पर्सियस आणि त्याच्याही पुढे हेराक्लिस, ज्याला आपण हर्क्युलिस म्हणतो. म्हणजे ग्रीकांच्या मोठमोठ्या वीरांची आणि काही मोठ्या नगरांच्या संस्थापकांची मुळं नाईलच्या चिखलात, एका सावळ्या मुलापाशी जातात. हे ग्रीकांनी स्वतःच सांगितलं आहे.

या वंशावळीचा उपयोग काय, हे ईस्किलसच्या 'शरणार्थिनी' या नाटकात दिसतं. ते साधारण इ. स. पू. ४६३ चं. इजिप्टसच्या पन्नास मुलांशी लग्न करायचं नाही म्हणून डेनॉसच्या पन्नास मुली इजिप्तमधून पळून अर्गोसला येतात. हातात लोकर गुंडाळलेल्या फांद्या, अंगावर परके कपडे, रंग सावळा. त्या राजाला म्हणतात, आम्ही इथल्याच. राजा चक्रावतो. तुम्ही तर लिबियाच्या बायका दिसता, म्हणतो, किंवा नाईलकाठच्या, नाही तर उंटांवर बसून फिरणाऱ्या त्या भारतातल्या बायका असतात म्हणे, तशा. (ग्रीक साहित्यातले भारताचे जे जुने उल्लेख आहेत, त्यांत हा एक आहे. भारतीय स्त्री तिथं उंटावर बसलेली आहे, हे आपण मोठ्या मनानं घ्यायचं.) मग मुली पुरावा देतात. आयो इथलीच ना? तिची गाय झाली ना? ती इजिप्तला गेली, तिला एपाफस झाला, आणि आम्ही त्याच्या वंशातल्या. राजा एकेक प्रश्न विचारतो, त्या एकेक उत्तर देतात. आज सीमेवर कागदपत्रं तपासतात तसं हे चालतं. शेवटी राजा एकट्याच्या अधिकारात निर्णय घेत नाही, प्रश्न नगरसभेपुढे नेतो, आणि नागरिक हात वर करून आश्रयाच्या बाजूनं कौल देतात. एपाफस हे नाव तिथं ओळखपत्रासारखं उपयोगी पडलं आहे.

आता मेंफिसच्या अंगणाकडे वळू.

आपण सैलपणे बैल म्हणतो, पण आपिस हा बैल नव्हे, वळू. आपल्या खिल्लारासारखं वशिंड त्याला नव्हतं, इजिप्तच्या चित्रांत आणि काशाच्या मूर्तींत त्याची पाठ सपाट दिसते. शिंगांच्या मधोमध सूर्याची तबकडी. त्याची पूजा इजिप्तच्या पहिल्या राजवंशापासून, म्हणजे आजपासून सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीपासून नोंदलेली आहे. एका वेळी देशात एकच आपिस. तो प्ताह देवाचं सजीव रूप, आणि मेल्यावर ओसायरिस देवाशी एकरूप होणारा. तो मेला की पुजारी देशभर नव्या खोंडाच्या शोधाला निघत.

खुणा ठरलेल्या होत्या. हेरोडोटस सांगतो, की आकाशातून प्रकाशाचा झोत गाईवर उतरतो, त्यातून ती गाभण राहते आणि आपिस जन्मतो. त्यानंतर ती गाय पुन्हा विते ना. वासरू काळं, कपाळावर पांढरी खूण, पाठीवर गरुडाची आकृती, शेपटीचे केस दुहेरी, जिभेखाली भुंग्याच्या आकाराचा डाग. कपाळावरची खूण चौकोनी की त्रिकोणी याबाबत हेरोडोटसच्या हस्तलिखितांत घोळ आहे, पण जुन्या मूर्तींवर ती त्रिकोणी दिसते. पुढे ईलियन नावाच्या लेखकानं खुणांची संख्या एकोणतीसपर्यंत नेली. आपल्या बैलबाजारात भोवरे, दात, खूर पाहून जनावराची कुंडली मांडणारे जाणकार असतात. त्यांनासुद्धा एकोणतीस खुणा जड गेल्या असत्या.

वासरू सापडलं, की दुखवटा संपे. डायोडोरस लिहितो, की त्याला आधी नाईलकाठच्या एका गावी चाळीस दिवस ठेवत आणि मग सोन्याचा मुलामा दिलेल्या खोलीच्या नावेतून मेंफिसला आणत. तिथं त्याला स्वतःची विहीर होती. नाईलचं पाणी त्याला देत नसत, कारण त्या पाण्यानं तो फार सुटेल अशी समजूत, असं प्लुटार्क सांगतो. ठरावीक वेळी त्याला अंगणात मोकळं सोडत, आणि परदेशी पाहुणे ते बघायला जमत. स्ट्रेबो या भूगोलकारानं हा कार्यक्रम स्वतः पाहिला होता. लोक आपिसला कौलही लावत. त्यानं हातातलं खाल्लं की शुभ, तोंड फिरवलं की अशुभ. रोमन सेनापती जर्मॅनिकसच्या हातचं त्यानं खाल्लं नाही आणि त्याच वर्षी, इ. स. १९ मध्ये, जर्मॅनिकस मेला, हे प्लिनीनं आवर्जून नोंदवलं आहे. किती जणांच्या हातचं खाल्लं आणि तरी ते मेले, याची यादी अर्थातच कुणी ठेवली नाही.

तर हा वळू आणि आयोचा मुलगा एक कसे ठरले? एक दुवा आवाजाचा. इजिप्शियन उच्चार साधारण 'हापि'सारखा. ग्रीक कानाला तो आपिस वाटला, आणि आपिसपासून एपाफस फार दूर नाही. दुसरा दुवा त्याहून बळकट. इसिस देवीच्या डोक्यावर गाईची शिंगं असत. हेरोडोटसच सांगतो, की ग्रीक चित्रकार आयो काढतात तशीच ती दिसते. आपिसच्या आईला इजिप्शियन लोक इसिसचं रूप मानत. तेव्हा आई गाय, मुलगा वळू आणि बाप आकाशातला झोत किंवा झ्यूसचा हात. दोन्हीकडे मीलन नाही, नुसता स्पर्श आहे. प्लुटार्कच्या कथेत इसिससुद्धा ओसायरिसचं शव शोधत बिब्लोसला जाते आणि तिथं राणीच्या मुलाला सांभाळते. आयोही मूल शोधत बिब्लोसलाच जाते. या गोष्टी एकमेकींच्या पाण्यावर वाढलेल्या आहेत हे उघड आहे.

आणि माणसं? सामेटिकसनं, म्हणजे इ. स. पू. सातव्या शतकात, आयोनियन ग्रीक आणि कॅरियन भाडोत्री सैनिक इजिप्तमध्ये आणले, त्यांना जमिनी दिल्या. पुढे अमासिस राजानं त्यांना मेंफिसला हलवलं. कॅरियन लोकांचे थडग्यांचे दगड सक्कारा इथं सापडले आहेत आणि त्यांतल्या काहींवर आपिसची पूजा कोरलेली आहे. पिढ्यान्पिढ्या परमुलखात राहणाऱ्या, तिथल्या मिरवणुका पाहणाऱ्या माणसांनी त्या देवाला घरचं एखादं नाव शोधलं असेल, तर त्यात नवल नाही. मेंफिसचा वळू आपल्या आयोचा मुलगा आहे, असं म्हटलं की परका मुलूख जरा कमी परका होतो.

पण त्याच वाक्याला दुसरी बाजू आहे. तुमचा देव मुळात आमच्या मुलीचा मुलगा, असाही त्याचा अर्थ होतो. इजिप्शियनांनी तो ओळखला. ईलियननं त्यांचं उत्तर नोंदवून ठेवलं आहे, आणि मला ते फार आवडतं. ते म्हणत, हे खोटं आहे, आणि साक्षीदार म्हणून ते काळाला उभं करत. एपाफस अलीकडचा, आमचा पहिला आपिस त्याच्या हजारो वर्षं आधीचा. आज उत्खननांच्या आधारे पाहिलं, तर साक्षीदार त्यांच्याच बाजूनं बोलतो. एपाफसचं नाव ग्रीक काव्यात सापडतं त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी इजिप्तमध्ये आपिसची मिरवणूक निघत होती.

हेरोडोटसकडे एपाफस या नावानं आणखी एक प्रसंग येतो, आणि तो भयंकर आहे. इराणचा सम्राट कँबायसिस यानं इ. स. पू. ५२५ मध्ये इजिप्त जिंकला. पुढची स्वारी फसली, सैन्याचे हाल झाले, आणि तो मेंफिसला परतला तर शहर नवे कपडे घालून नाचत होतं. आपिस प्रकटला होता. कँबायसिसला वाटलं, लोक आपल्या पराभवावर हसताहेत. त्यानं शहराच्या अधिकाऱ्यांना ठार केलं, पुजाऱ्यांना वासरू आणायला लावलं, खंजीर उपसला आणि पोटावर नेम धरला. वार मांडीवर बसला. मग तो हसून पुजाऱ्यांना म्हणाला, की रक्तामांसाचे, लोखंड लागणारे असले तुमचे देव! पुजाऱ्यांना फटके मारले, सण बंद केला. वासरू देवळात पडून मेलं आणि त्याला गुपचूप पुरलं. पुढे घोड्यावर चढताना स्वतःच्याच तलवारीचं पातं कँबायसिसच्या मांडीत घुसलं, ज्या जागी त्यानं आपिसला मारलं होतं नेमकं तिथंच, आणि तो मेला.

गोष्ट इतकी जुळलेली आहे, की संशय यावा. आणि संशयाला दगडाचा आधार आहे. आपिसच्या दफनभूमीत त्या काळचे शिलालेख सापडले. कँबायसिसच्या राज्याच्या सहाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ५२४ मध्ये, एका आपिसचं यथासांग दफन झालं. त्याच्या ग्रॅनाइटच्या शवपेटीवर ती कँबायसिसनं अर्पण केल्याचा लेख आहे, आणि त्यात तो आपिसला इजिप्शियन राजांच्या रीतीनं आपला पिता म्हणतो. त्यानंतरचा आपिस दरायसच्या काळात, इ. स. पू. ५१८ मध्ये वारला. म्हणजे कँबायसिसच्या नंतरही तो चार वर्षं जगला. तारखांत थोडा गुंता आहे, नवा वळू जुन्याच्या दफनाआधीच जन्मलेला दिसतो, आणि काही अभ्यासक त्या फटीत हेरोडोटसला जागा देऊ पाहतात. बहुसंख्य इतिहासकार देत नाहीत. मीही देणार नाही.

मग गोष्ट आली कुठून? एका डेमॉटिक कागदावर कँबायसिसच्या हुकमाची नक्कल मिळाली आहे. त्यानं बहुतेक देवळांना मिळणाऱ्या सरकारी उत्पन्नात मोठी कपात केली होती. हेरोडोटसला माहिती देणारे पुष्कळसे पुजारीच होते, आणि तेही पाऊणशे वर्षांनंतर. परधर्मी राजा, नुकतंच गेलेलं राज्य आणि आटलेलं उत्पन्न, एवढं सामान असलं की देवावर शस्त्र चालवल्याची कथा तयार व्हायला वेळ लागत नाही. दोन शतकांनी तिसऱ्या आर्टझर्क्सिस या इराणी सम्राटावरही तोच आरोप आला. त्यानं तर म्हणे आपिस कापून मेजवानी केली. जिंकणारा बदलला, गोष्ट तीच राहिली, वर एक वाढीव पक्वान्न.

याच्या उलट अलेक्झांडर, आपला सिकंदर. इ. स. पू. ३३२ मध्ये मेंफिसला पोचताच त्यानं आपिसला बळी आणि पूजा अर्पण केली. भक्तीपेक्षा त्यात हिशेब जास्त असावा, पण हिशेब चोख होता. त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्या टॉलेमीच्या वेळी म्हातारा आपिस वारला, तेव्हा दफनाच्या खर्चासाठी देखभाल करणाऱ्यानं टॉलेमीकडून पन्नास टॅलंट चांदी उसनी घेतली. याच काळात ओसायरिस आणि आपिस मिळून झालेल्या 'ओसोरापिस'ला ग्रीक चेहरा, दाढी आणि झगा मिळाला आणि सेरापिस हा नवा देव तयार झाला. ऑगस्टसला मात्र असल्या मुत्सद्देगिरीची गरज वाटली नाही. आपण देवांना भजतो, गुरांना नव्हे, असं म्हणून तो आपिसच्या भेटीला गेलाच नाही.

राजांच्या या गोष्टींत आपिसभोवती जगणारी साधी माणसं दिसत नाहीत. ती पपायरसच्या कागदांत दिसतात. इ. स. पू. १६४ मध्ये एक आपिस वारला. दुखवट्याच्या विधीत इसिस आणि नेफ्थिस या बहिणी होऊन शोक करायला जुळ्या मुली लागत. थावेस आणि ताऊस या दोघी त्यासाठी निवडल्या गेल्या. त्यांच्या आईनं एका ग्रीक सैनिकासाठी घर मोडलं होतं, बाप परागंदा होऊन मेला होता, आणि मुली रस्त्यावर आल्या होत्या. देवळातल्या कामाबद्दल त्यांना ठरलेली भाकरी, तिळाचं तेल आणि एरंडेल मिळायचं होतं. ते मिळेना. सेरापिसच्या आवारात व्रतस्थ राहणारा टॉलेमाइऑस नावाचा मॅसेडोनियन गृहस्थ त्यांच्या बापाचा स्नेही होता. त्यानं त्यांच्या वतीनं राजाकडे अर्जांवर अर्ज लिहिले. ते अर्ज आजही वाचता येतात. देवाच्या मृत्यूवर देशाच्या वतीनं रडलेल्या दोन मुली एरंडेलाच्या थकबाकीसाठी दाद मागताहेत, हे वाचताना आपिसचं देऊळ एकदम डोळ्यांसमोर उभं राहतं, भांडारातल्या कारकुनासकट.

नावावरचा दावा पुढेही चालूच राहिला. अर्गोसच्या लोकांनी आपल्या एका जुन्या राजाचं नाव आपिस होतं, तोच मेल्यावर सेरापिस झाला, असं सांगितलं. मग ख्रिस्ती लेखक आले. तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर टर्टुलियननं लिहिलं, की सेरापिस म्हणजे योसेफ, इजिप्तला दुष्काळातून वाचवणारा. योसेफ म्हणजे आमचे यूसुफ, सात गाईंच्या स्वप्नाचा अर्थ लावणारे. सीनायच्या रानात इस्रायली लोकांनी घडवलेल्या सोन्याच्या वासराचा संबंधही आपिसशी जोडला गेला. मी ती गोष्ट लहानपणी मूसा नबींच्या नावानं ऐकली. कुराणात ते वासरू सामिरी घडवतो, बायबलात हारून. ते इजिप्तच्या आठवणीतून आलं असं ज्यू तत्त्वज्ञ फायलो मानत असे. आजचे पुष्कळ अभ्यासक त्याचं मूळ कनानच्या वृषभमूर्तींत शोधतात. प्रत्येकाला त्या वळूत आपलं माणूस दिसत होतं. वळू आपला कडबा खात उभा होता.

इ. स. ३६२ मध्ये, ज्युलियन सम्राटाच्या वेळी, नवा आपिस सापडल्याची बातमी आली, असं इतिहासकार अम्मियानस सांगतो. तीस वर्षांच्या आत अलेक्झांड्रियातलं सेरापिसचं महामंदिर जमीनदोस्त झालं. सक्काराची दफनभूमी वाळूखाली गेली.

ती पुन्हा उघडली ती ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच माणसानं. लूव्हर संग्रहालयानं त्याला १८५० मध्ये कॉप्टिक हस्तलिखितं आणायला पाठवलं होतं. ती मिळेनात. सक्काराला हिंडताना वाळूतून एका स्फिंक्सचं डोकं वर आलेलं त्याला दिसलं आणि स्ट्रेबोचा उतारा आठवला. स्ट्रेबोनं तिथल्या स्फिंक्सांच्या रांगा अर्ध्या वाळूत बुडालेल्या पाहिल्या होत्या. मारिएतनं हस्तलिखितांचे पैसे खोदकामाला लावले. नोव्हेंबर १८५१ मध्ये तो भुयारांत शिरला. दोन्ही बाजूंना कोनाडे, कोनाड्यांत साठ-सत्तर टनांच्या आसपास वजनाच्या दगडी पेट्या, चोवीस. बहुतेक सगळ्या जुन्या काळीच फोडून लुटलेल्या. पण एका जुन्या दालनाला चोरांचा हात लागला नव्हता. दुसऱ्या रामसेसच्या काळातलं ते दफन. तिथल्या वाळूवर शेवटचा माणूस बाहेर पडला त्याच्या पावलांचे ठसे तीन हजार वर्षं तसेच होते, असं मारिएतनं सांगितलं.

आयोची जागा मात्र १९७० पर्यंत कुणाला सापडली नव्हती. त्या वर्षी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ वॉल्टर एमरी याला सक्काराच्या उत्तर भागात दुसरं भुयार मिळालं. आपिसला जन्म देणाऱ्या गाईंचं. एका वासरानंतर पुन्हा न व्यालेल्या, इसिस म्हणून पुजलेल्या त्या गायांनाही वळूंसारख्याच दगडी पेट्यांत, स्वतंत्र कोनाड्यांत पुरलेलं होतं. भुयार खोदणाऱ्या पाथरवटांचे लेखही तिथं आहेत. त्यांनी आपल्या नावांची यादी लिहून आपिसच्या आईपुढे ती नावं टिकून राहावीत एवढंच मागितलं आहे.